शेवटचा पाव फेरा

आमच्या घरात सासरे आणि सून यांचं भांडण वर्षानुवर्षं चाललं, पण कुणाचा आवाज म्हणून चढला नाही. सगळं भांडण त्यांनी एका स्क्रूवर भागवलं. मी सासू. मी दोघांच्या मधे, पुढच्या खोलीतल्या काउंटरवर बसलेली असायचे.

आमचं दुकान बागेतल्या मशीनच्या दुरुस्तीचं. गवत कापायची मशीन, कुंपणाची झुडपं छाटायची मशीन, झाडं तोडायच्या करवती, पाला उडवायचे ब्लोअर. थोडक्यात, पेट्रोलवर चालणारं आणि दोरी ओढून सुरू होणारं काहीही. मधल्या खोलीत लांबलचक टेबल, मागच्या अंगणात एक जाडजूड ओंडका. करवत दुरुस्त झाली की ती ओंडक्यावर चालवून बघायची. शेजारच्यांना याचा त्रास होतो हे मला मान्य आहे, पण त्यांचं गवतही आमच्याच मशीननं कापलं जातं, त्यामुळे ते गप्प असतात.

या प्रत्येक मशीनला एक कार्बोरेटर असतो. हवा आणि पेट्रोल तिथे एकत्र होतं, आणि पेट्रोल किती जायचं ते एक बारीकसा स्क्रू ठरवतो. स्क्रू आवळला की पेट्रोल कमी. मशीन कसं खणखणीत बोलतं, ऐकणारा खूश होतो. पण या मशीनमध्ये पेट्रोलातच ऑइल मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. आतून मशीन तापतं, पिस्टन घासतो आणि एके दिवशी सगळं जागच्या जागी आखडतं. उलट स्क्रू सोडला की पेट्रोल जास्त. मशीन गार राहतं, पण जड होतं आणि धूर ओकतं. बरोबर जागा या दोन्हींच्या मधे. मोकळ्या हवेत फुल रेस दिली की मशीन किंचित बोबडं बोललं पाहिजे, आणि लाकडाला लावलं की त्याचं बोलणं स्पष्ट झालं पाहिजे. हे शिकण्यात माझ्या नवऱ्याची उमेदीची वर्षं गेली. मला काउंटरवर बसून नुसतं ऐकून ऐकून आलं, पण मला विचारतंय कोण!

यांचा गिऱ्हाइकावर काडीचा विश्वास नाही. मशीन उत्तम लावून दिलं तरी हा माणूस ऑइल कमी घालणार, बोथट साखळीनं झाड कापणार आणि बोंबलत परत येणार, अशी यांची खात्री. म्हणून यांनी एक पद्धत पाडली. मशीन गिऱ्हाइकाच्या हातात देताना, अगदी काउंटरवर, हे खिशातून तो खास स्क्रू ड्रायव्हर काढायचे, वाकायचे, स्क्रू केसभर सोडायचे आणि म्हणायचे, "हा आमच्याकडून." जरा जास्त पेट्रोल, म्हणजे जरा जास्त काळजी. गिऱ्हाइकांना ते इतकं आवडायचं की स्क्रूचा हा शेवटचा फेरा दिल्याशिवाय कुणी मशीन उचलायचंच नाही.

तो ड्रायव्हर साधा नव्हे. घरोघरच्या हुशार मंडळींनी स्क्रू पिळत बसू नये म्हणून या स्क्रूंचं डोकं मुद्दाम वेगळं केलेलं असतं, त्याला तसाच ड्रायव्हर लागतो. आमच्याकडे तो एकच. बारीक, लांब, मुठीला लाल टेप गुंडाळलेली. हे तो शर्टाच्या खिशात पेनासारखा लावतात. दुसरा आणा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "एका दुकानाला दोन मालक करायचेत का?"

सून आमच्याकडे आली ती पाण्याच्या पंपांच्या दुकानात लहानाची मोठी झालेली. माझा मुलगा हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. त्याला माणसाच्या आतलं सगळं दिसतं, मशीनच्या आतलं काही दिसत नाही, म्हणून टेबलावर सूनच बसायला लागली. आल्या आल्या तिनं विचारलं, "बाबा, मशीन बरोबर लागलंय, मग तो शेवटचा फेरा कशाला?"

"गिऱ्हाईक तुला अजून कळायचंय," हे म्हणाले.

ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा सावध राहावं, हे मला पुढे कळलं. एकदा कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाली, "आई, बाबांना सांगू नका हं. ते शेवटी स्क्रू सोडणार हे मला ठाऊक असतं ना, म्हणून मी आधीच तेवढा आवळून ठेवते. मशीन बंद केलं की एक झटका. म्हणजे बाहेर जाताना बरोबर जागेवर येतं."

मी म्हटलं, बरं.

मग काही दिवसांनी चहा पिताना हे म्हणाले, "तिला बोलू नकोस, पोरीचं मन खट्टू होईल. पण ती हल्ली स्क्रू आवळते. माझ्या लक्षात आलंय. मी जरा जास्त सोडतो."

मी म्हटलं, बरं.

तिच्या लक्षात आलं की हे जास्त सोडतात. तिनं जास्त आवळायला सुरुवात केली. यांनी आणखी सोडला. असं करत करत केसभराचा पाव फेरा झाला. आतल्या खोलीत ती पाव फेरा आवळायची, काउंटरवर हे पाव फेरा सोडायचे, आणि मशीन दारातून बाहेर पडताना असं सुरेख बोबडं बोलायचं की काय सांगू. दोघांनीही मला विश्वासात घेऊन सांगितलेलं. मी मूग गिळून गप्प. घर शांत, गिऱ्हाईक खूश, मग मी कशाला तोंड उघडू?

पण ड्रायव्हरचं दुखणं होतंच. मशीन लावायचं म्हटलं की प्रत्येक वेळी ती पुढे यायची आणि म्हणायची, "बाबा, ड्रायव्हर देता?" चांगली कर्तीसवरती बाई, पण वर्गाबाहेर जायची परवानगी मागितल्यासारखी उभी राहायची. हे द्यायचे आणि काम झालं की हात पुढे करून परत घ्यायचे. शेवटी मोठ्या रस्त्यावरच्या मशीनच्या शोरूमनं तिला नोकरीसाठी बोलावलं. तिनं मला स्पष्टच सांगितलं, "आई, इथे ड्रायव्हर माझ्या खिशात आला तर मी कुठेही जात नाही. नाही आला तर जाईन." ती गेली असती तर दुकान आमच्या दोघांबरोबर म्हातारं होऊन बंद पडलं असतं. मला दिसत होतं. यांनाही दिसत होतं, पण विषय निघाला की हे चष्मा पुसायला घ्यायचे.

त्यातच लेकीनं नवं घर घेतलं. घरामागे अंगण, अंगणात कमरेएवढं गवत, आणि जावयानं कुणाकडून तरी घेतलेलं जुनं गवत कापायचं मशीन, ते सुरूच होईना. "बाबा, याच," म्हणून लेकीचे फोनवर फोन. हे निघाले. निघताना काउंटरपाशी थांबले, खिशातून ड्रायव्हर काढला आणि सुनेपुढे धरला.

"मी येईपर्यंत एकही मशीन परत आलं नाही तर हा तुझा. आलं, तर ती शोरूमची नोकरी बरी."

शेवटचं वाक्य हे हसत म्हणाले. ती हसली नाही. तिनं ड्रायव्हर घेतला आणि एप्रनच्या खिशात ठेवला.

हे गेले आणि सुनेनं पहिलं काम काय केलं, तर फेऱ्याची पद्धत मोडीत काढली. "आई, आता काउंटरवर नाटक नाही. मशीन टेबलावर लागलं की लागलं." मला ते आवडलं. त्या दिवशी शाळेचा माळी त्याचं गवताचं मशीन घेऊन गेला, कोपऱ्यावरच्या बाई कुंपण छाटायचं मशीन घेऊन गेल्या, आणि संध्याकाळी झाडवाला आला. झाडवाला म्हणजे गावातली धोक्याची झाडं दोराला लटकून तोडणारा आडदांड माणूस. त्याचं पोट त्या एका करवतीवर, आणि झाडावर चढताना उजवा पाय आधी टाकण्यापासून सगळे नेमधर्म पाळणारा.

"वहिनी, काकांचा फेरा राहिला," तो म्हणाला.

"गरज नाही. चालवून बघा."

त्यानं अंगणात जाऊन करवत सुरू केली. आवाज असा खणखणीत निघाला की मीही उठून मागच्या दारात आले. "काय बोलतंय हो!" तो म्हणाला. "नवीन होतं तेव्हासुद्धा असं बोलत नव्हतं." सून नुसती मान हलवून आत गेली, पण तिच्या चालण्यात फरक पडला होता. माझीही छाती फुगली. सुनेचं कौतुक झालं की मला ते माझंच वाटतं. हे मी तिला सांगत नाही, लगेच डोक्यावर बसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडतो तोच यांचा फोन.

"अगं, इथलं पेट्रोल भेसळीचं आहे."

"काय झालं?"

"मशीन उघडून साफ केलं, कार्बोरेटरमधली रबरी पट्टी बदलली, मस्त लावलं. जावयाच्या हातात दिलं आणि धूर! अंगण दिसेना. जावई खोकतोय, शेजारी पाण्याच्या बादल्या घेऊन धावत आले. त्यांना वाटलं आग लागली."

"हातात देताना फेरा दिलात का?" मी सहज विचारलं.

"म्हणजे काय! जुनं मशीन, साधा स्क्रू, जावयाचा घरचा ड्रायव्हर चालला. नेहमीसारखा पाव फेरा सोडला. पेट्रोलच खराब."

मी फोन ठेवला. चहाचा कप तोंडाशी नेला आणि तिथेच थांबले. यांनी नेहमीसारखा पाव फेरा सोडला, पण तिथे आधी आवळून ठेवायला सून कुठे होती? म्हणून धूर. मग इथे? इथे सोडायला हे कुठे आहेत? आणि काल करवत किती खणखणीत बोलली होती. बोबडेपणाचा लवलेश नव्हता.

"अगं!" मी जवळजवळ ओरडलेच. "काल मशीन बंद केल्यावर स्क्रू आवळलास का गं?"

"छे, मी कशाला..." असं म्हणताना तिचा उजवा हात आपोआप फिरला. तिनं त्या हाताकडे पाहिलं. "आवळला. आई, सवयीनं आवळला. बाबा सोडतात म्हणून."

"बाबा आहेत का इथे?"

तिनं हातातलं काम तिथेच टाकलं.

ती फोन घेऊन बसली. शाळेचा माळी म्हणाला, गवत ओलं आहे, मशीनला अजून हात लावलेला नाही. कोपऱ्यावरच्या बाईंचा पुतण्या यायचा होता, त्यामुळे त्यांचंही मशीन तसंच पडलं होतं. झाडवाला मात्र फोन उचलेना. आणि मला आठवलं, काल जाताना तो म्हणाला होता, उद्या हॉस्पिटलच्या पार्किंगमधलं वाळलेलं झाड काढायचंय.

मी मुलाला फोन लावला. "बाहेर जा आणि ते झाड तोडणं थांबव."

"आई, पेशंट आहे. का थांबवू?"

"का ते नंतर. करवत बंद झाली पाहिजे, बस."

आम्ही स्कूटरवर निघालो. सून चालवत होती आणि मी मागे, एका हातानं तिला आणि दुसऱ्या हातानं हत्यारांची पिशवी धरून. वाटेत ती एकच वाक्य बोलली, "त्याचं मशीन गेलं ना आई, तर मी बाबांची वाट बघणार नाही, आजच शोरूमला जाईन." मी तिला आणखी घट्ट धरलं. खड्डेही फार होते.

पार्किंगमध्ये पोहोचलो आणि बघते तो काय! झाडाच्या अगदी बुंध्याशी माझा मुलगा उभा. एक्स-रेच्या खोलीतला तो शिशाचा जाड एप्रन अजून अंगात, हाताची घडी, आणि चेहऱ्यावर भलताच निर्धार. वर दोराला लटकलेला झाडवाला त्याच्यावर ओरडत होता. करवत बंद होती.

"किती हातवारे केले, हाका मारल्या, पण याच्या कानांवर ते झाकण," मुलगा मला म्हणाला. "मग खाली येऊन उभा राहिलो. खाली माणूस असला की तो फांदी कापत नाही."

आयुष्यात त्यानं मशीनचं केलेलं हे एवढं एकच काम, पण काय वेळेला केलं! मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तो एप्रन फार जड असतो.

झाडवाल्यानं करवत दोरानं खाली सोडली. तिला हात लावायची सोय नव्हती, इतकी तापलेली. "वहिनी, काय झालं? मशीन तर झकास चाललंय. आजच्यासारखं कधी पळालं नव्हतं."

मी लगेच सुरुवात केली, "अहो, आम्ही नवीन योजना काढलीय, घरपोच तपासणी..."

"आई, थांबा," सून म्हणाली. मग सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, "चूक माझी आहे. काल मी स्क्रू जास्त आवळून दिला. मशीनला ऑइल कमी पडतंय. पिस्टन गेलेला असू शकतो."

झाडवाला खाली उतरला आणि करवतीशेजारी बसला. करवत निवेपर्यंत आम्ही सगळे तिच्याभोवती बसून राहिलो. मग सुनेनं सायलेन्सर काढला, मोबाइलचा उजेड आत टाकला आणि डोळा लावून पाहिलं. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. मानेवरची शीर तेवढी दिसत होती.

"वरवरचे ओरखडे आहेत," ती म्हणाली. "वाचला."

माझा जीव भांड्यात पडला. तिनं सगळं बसवलं, करवत सुरू केली, फुल रेस दिली आणि लाल टेपच्या ड्रायव्हरनं स्क्रू जरा जरा सोडत गेली. खणखणीत आवाज थोडा खाली आला, मग थोडा आणखी, आणि मग मशीन बोबडं बोललं. पडलेल्या फांदीला लावलं तशी बोली स्पष्ट झाली. ड्रायव्हर तिनं खिशात ठेवला आणि मग बराच वेळ ती हात पुसत राहिली, पुसण्यासारखं काही नसताना. परतताना उरलेल्या दोन्ही मशीनचे स्क्रूही तिनं जागेवर आणले. कोपऱ्यावरच्या बाई म्हणाल्या, "घरी येऊन बघता? तुमच्या सासऱ्यांनी असं कधी केलं नाही हो!"

हे परत आले तेव्हा बॅगेला धुराचा वास येत होता. चप्पल काढायच्या आतच विचारलं, "आलं का एखादं परत?"

"एकही नाही," मी म्हणाले. खोटं नव्हतं. मशीन आली नव्हती, आम्हीच गेलो होतो.

पण आमच्या सूनबाईला सरळ वागायची खोड. तिनं ड्रायव्हर काउंटरवर ठेवला आणि सगळं सांगितलं. आवळण्यापासून शिशाच्या एप्रनपर्यंत. हे ऐकत राहिले. मी यांच्या चष्म्याकडे बघत होते. यांनी तो पुसला नाही.

"मला माहीत होतं तू आवळतेस," हे शेवटी म्हणाले. "म्हणून मी जास्त सोडत होतो. आणि पेट्रोल चांगलं होतं. परत येताना बसमध्ये कळलं मला. तुझ्याशिवाय मी लावलेलं मशीन नुसतं धूर सोडतं."

"मलाही माहीत होतं तुम्ही जास्त सोडता," ती म्हणाली. "आईंना मी सांगितलंही होतं."

"मीही हिलाच सांगितलं होतं."

दोघं थांबले. मग दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे मान वळवली.

"म्हणजे तुला दोन्हीकडचं माहीत होतं?"

"आई, तुम्ही एवढी वर्षं गप्प?"

झालं! या दोघांचं कुठल्या गोष्टीवर एकमत झालेलं मी पहिल्यांदा पाहत होते, आणि ते माझ्याविरुद्ध. मला चांगलंच धारेवर धरलं. "तुम्हीच सांगू नको म्हणालात," असं मी म्हणत होते, पण ऐकतंय कोण!

तेवढ्यात दारात झाडवाला उभा. हातात करवत.

त्यानं करवत काउंटरवर ठेवली. सुनेनं ड्रायव्हरकडे पाहिलं, मग यांच्याकडे.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"कुठे काय? मशीन उत्तम आहे, वहिनी. पण झाडावर चढलो की सारखं चुकल्यासारखं वाटतं. काकांचा फेरा राहिलाय ना. काका आले कळलं, म्हणून आलो."

यांनी ड्रायव्हर उचलला. तो स्क्रू सुनेनं नेमक्या जागी लावलेला होता, आता त्याच्या मागे आवळणं नव्हतं. यांनी पाव फेरा सोडला असता तर ते मशीनही अंगणभर धूर ओकत गेलं असतं. सुनेनं ओठ घट्ट मिटले. ती "नको" म्हणाली नाही. गिऱ्हाइकासमोर ती यांना कधी नको म्हणत नाही.

हे वाकले. ड्रायव्हर स्क्रूत बसवला. मनगट चांगलं ऐटीत फिरवलं आणि म्हणाले, "हा आमच्याकडून."

मी काउंटरच्या या बाजूला होते. लाल टेप जागची हलली नव्हती. यांची बोटंच टेपवरून नुसती सरकली होती. सुनेनंही पाहिलं.

झाडवाल्यानं तिथेच दोरी ओढली. मशीन किंचित बोबडं बोललं. "आता कसं बरं वाटतंय," म्हणून तो हसत निघून गेला.

यांचा हात सवयीनं शर्टाच्या खिशाकडे गेला. खिशापाशी थांबला. मग यांनी पुढे होऊन ड्रायव्हर सुनेच्या एप्रनच्या खिशात ठेवला, मूठ वर येईल असा. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि मी उगाचच काउंटर पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या खोलीत एक ब्लोअर टेबलावर होता. हे उठले, तिच्याजवळ गेले आणि हात पुढे करून उभे राहिले.

"ड्रायव्हर देतेस?" यांनी विचारलं.

तिनं दिला. काम झाल्यावर तिनं परत घ्यायला हात पुढे केला नाही. यांनीच आणून तिच्या खिशात ठेवला.